लवकर मोठ्या झालेल्या दीर्घिका आणि मुकुटबनचा निबंध

यवतमाळ जिल्ह्यात चार दिवस राहून परत आले, त्याला आता महिना होत आला. घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" मी कोळशाची खाण सांगितली, दगडी खांब सांगितले, तुरीची शेतं सांगितली. जे पाहून मी हादरले ते मात्र तोंडी सांगायला जमलं नाही. म्हणून लिहिते आहे.

मी सांगलीच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून खगोलशास्त्रावर मराठीत लिहिते आणि कुणी बोलावलं तर व्याख्यानाला जाते. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनहून ताजने गुरुजींचं पत्र आलं, तेव्हा मी नकाशात गाव शोधलं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. गावात ते एक छोटं वाचनालय चालवतात. विश्वातल्या पहिल्या मोठ्या दीर्घिका कशा तयार झाल्या, यावर बोलायला या, असं त्यांनी लिहिलं होतं. विषय इतका नेमका कसा काय, याचं थोडं नवल वाटलं. मी होकार कळवला, हातानं पत्र लिहूनच.

वणी, शुक्रवार

नागपूरहून निघालेली बस वणीत शिरली तेव्हा आधी झाडांकडे लक्ष गेलं. रस्त्याकडेच्या कडुनिंबाची पानं काळपट होती. आमच्या सांगलीत हळदीच्या पेठेतून गेलं की रुमाल पिवळा होतो, इथे तो काळा होतो. ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक एकामागून एक जात होते आणि त्यांच्यामधून कापसानं फुगलेली एखादी गाडी हळूहळू वाट काढत होती.

न्यायला प्रणाली मेश्राम आली होती. पंचविशीची, सडपातळ, कमी बोलणारी मुलगी. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. बी. एस्सी. झालेली, आणि आता वणीत कोळशाचे नमुने तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत कामाला.

"आधी पोहे खाऊ, मॅडम," ती म्हणाली. "मुकुटबनले जायला टाइम हाय."

बसस्टँडसमोर टपरी होती. पोह्यांवर तर्री, म्हणजे लाल तिखट रस्सा ओतला गेला, वर चणे पडले. आमच्याकडे पोह्यावर खोबरं आणि लिंबू असतं. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रणालीनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

पोटभर खाऊन झाल्यावर ती मला गाडीवर बसवून गावाबाहेरच्या एका उंचवट्यावर घेऊन गेली. तिथून उघडी खाण दिसत होती. मी खाणींची चित्रं पाहिली होती, पण समोर जे होतं त्यासाठी मनाची तयारी नव्हती. जमीन पायऱ्यापायऱ्यांनी खाली खाली गेली होती आणि तळाशी पिवळे डंपर काडेपेटीएवढे दिसत होते. एक डंपर वळणावरून वर आला, जवळच्या रस्त्यावर पोचला, तेव्हा कळलं की त्याचं नुसतं चाक माझ्यापेक्षा उंच आहे.

"तुमचं काम काय असतं नेमकं?" मी विचारलं.

"नमुना येते. कुटायचा, वजन करायचं, वाळवायचा, परत वजन. मंग जाळायचा. राख किती उरली ते पाह्यचं. जो आकडा येईन तो लिहायचा."

"कंटाळा येत नाही?"

"आकड्याचा नाई येत," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं खाणीकडे पाहतच विचारलं, "मॅडम, तुम्ही स्पर्धांचे निबंध तपासता का?"

"तपासायचे पूर्वी. आता सोडलं. का?"

"काही नाई. असंच."

मुकुटबन, शनिवार

मुकुटबन मोठं गाव आहे. गुरुजींच्या घराच्या मागे तुरीचं रान सुरू होतं आणि शेंगा भरल्या होत्या. मी जेवायला बसले, तेव्हा काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, विचारलं, "वरणात सांबार टाकू का?"

वरणात सांबार कशाला, असा विचार करून मी म्हटलं, "नको, सांबार मला पचत नाही."

काकूंनी गुरुजींकडे पाहिलं. सगळ्यांच्या वाटीत वरून हिरवीगार कोथिंबीर पडली, माझी वाटी कोरी राहिली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे प्रणालीनं सांगितलं तेव्हा काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. त्या दिवसातलं ते माझं शेवटचं हसू.

जेवण झाल्यावर गुरुजी म्हणाले, "उद्या तुम्ही काय सांगाल ते आम्हाले थोडं सांगा ना. लोकायले आधी कल्पना देऊन ठेवतो."

मी माझं ठरलेलं व्याख्यान थोडक्यात सांगितलं. विश्वाच्या सुरुवातीला सगळीकडे वायू जवळजवळ सारखा पसरलेला होता. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. दाट जागी आधी लहान गोळे जमले, त्यांतून लहान दीर्घिका झाल्या. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची प्रचंड वस्ती, आपली आकाशगंगा ही त्यांपैकी एक. लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या, आणि शेकडो दीर्घिकांचे समूह तर सगळ्यात शेवटी, अब्जावधी वर्षांनी जमले. हल्ली नव्या अवकाश दुर्बिणीनं काही वेगळं दाखवलं आहे, तेही शेवटच्या पाच मिनिटांत सांगणार आहे, असं म्हणाले.

प्रणाली उंबऱ्यापाशी बसली होती. ती उठली, आत गेली, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवले. अकरा पानं होती, रेघी, एका कोपऱ्यात टाचणी लावलेली.

"हे वाचाल का, मॅडम?"

वर लिहिलं होतं : 'आधी लहान की आधी मोठं?' खाली तीन वर्षांपूर्वीच्या एका विज्ञान निबंध स्पर्धेचं नाव होतं. आणि समासात, हिरव्या शाईत, तिरक्या अक्षरात शेरा होता : 'मूळ संकल्पनाच कच्ची. आधी पाठ्यपुस्तक नीट वाचावे.'

अक्षर माझं होतं.

'ळ' ची गाठ मी अशीच घालते. आत काकू भांडी घासत होत्या. त्या वर्षी स्पर्धेचा गठ्ठा माझ्याकडे आला होता आणि निबंधांवर नावं नसायची, नुसते क्रमांक असायचे. हा निबंध मला आठवतही नव्हता. हेच जास्त वाईट होतं.

मी प्रणालीकडे पाहिलं. तिला माहीत होतं. गुरुजींना मी पाठवलेलं पत्र तिनं वाचलं असणार. पण विषय तर त्याआधीच ठरला होता.

ती जणू मनातलं ओळखून म्हणाली, "तुमचा लेख एका मासिकात आलता. त्याच्याखाली तुमच्या अक्षरातली सही छापली होती. त्या सहीवरून शंका आली. म्हणून गुरुजींले म्हटलं, यायले बोलवा. पत्र आलं तवा पक्कं झालं."

गुरुजी चष्मा पुसत होते. "कायची शंका?" त्यांनी विचारलं. शेरा माझा असल्याची शंका तिनं त्यांना सांगितली नव्हती.

"काही नाई गुरुजी. जुना निबंध हाय. मॅडमले दाखवून राह्यली."

मला वाटलं, आता ती मला सुनावेल. तिनं तसं काही केलं नाही. एवढंच म्हणाली, "संकल्पना कुठं कच्ची हाय, ते मले तीन वर्षं सापडलं नाई. लय शोधलं. तुम्ही दाखवून द्या."

झरी जामणीच्या वाटेवर

दुपारी दगडी खांब पाहायला जायचं आधीच ठरलं होतं. लाव्हा थंड होताना तडकून सहा बाजूंचे खांब तयार झालेले आहेत, तालुक्यात ते नुकतेच लोकांच्या नजरेत आले आहेत. गुरुजींनी ओळखीच्या माणसाची जीप ठरवली होती. मला कुठेही जायचं नव्हतं, पण नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. निबंध मी पिशवीत घेतला.

सागाच्या रानातून रस्ता जात होता. वाटेत कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, कमरेला ओटी बांधलेल्या. खांबांपर्यंत पोचायच्या आधीच टायर फुटलं, आणि जादाचं चाक काढलं तर त्यातही हवा नव्हती. चालक चाक घेऊन एका मोटारसायकलवर बसून मागे गेला. गुरुजी जीपमध्येच डुलक्या घेऊ लागले.

रस्त्यालगत कोलाम आदिवासींचं एक पोड होतं. पोड म्हणजे त्यांची वस्ती, पंधरा-वीस घरं. पहिल्याच अंगणात सोनीबाई टेकाम नावाची एक म्हातारी तुरीच्या काड्या बांधत होती. तिनं आम्हाला खाट दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. मी निबंध काढला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला.

पहिली दोन पानं साधी होती, मराठी अडखळत होती. तिसऱ्या पानावर मी थबकले. तिनं लिहिलं होतं की नव्या दुर्बिणीच्या पहिल्याच छायाचित्रांत, विश्व पन्नास कोटी वर्षांचंही झालं नव्हतं त्या काळातल्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा फारच ठळक दिसतात. विश्वाचं आजचं वय तेराशे ऐंशी कोटी वर्षं. मग इतक्या लवकर इतके तारे जमले कसे? तिनं तीन शक्यता मांडल्या होत्या. काही जागी पदार्थ आपण समजतो त्याहून झपाट्यानं जमला असेल. किंवा जमलेल्या वायूतला फार मोठा वाटा ताऱ्यांत बदलला असेल. किंवा आपण वजन करताना चुकत असू.

पुढे दीर्घिकासमूहांचं होतं. विश्व आजच्या वयाच्या दहाव्या हिश्श्याचं असताना डझनभर दीर्घिका एकमेकींना खेटून, आपल्या आकाशगंगेच्या शेकडो पटींनी वेगानं तारे बनवत होत्या, असं एक ठिकाण रेडिओ दुर्बिणींनी शोधलं होतं. ती बातमी मी स्वतः वाचली होती, निबंध तपासायच्याही आधी. तिनं ती वापरली होती, मी विसरले होते. हे का घडलं असावं, ते सांगताना तिनं लिहिलं होतं : 'अदृश्य पदार्थाचे धागे सगळ्या विश्वात पसरलेले आहेत. जिथे अनेक धागे एकमेकांना मिळतात तिथे वायू सगळ्या बाजूंनी येतो. आमच्याकडे जिथे चार रस्ते मिळतात ते गाव आधी मोठं झालं, तसंच हे असेल.'

हे मी उद्याच्या व्याख्यानात शेवटच्या पाच मिनिटांत सांगणार होते. तिनं तीन वर्षांपूर्वी, वणीच्या महाविद्यालयात शिकताना, मोबाइलवर वाचून वाचून, ते अकरा पानांत मांडलं होतं.

प्रणाली अंगणाच्या कडेला उभी होती. मी तिला हाक मारली.

"प्रणाली, मी हे तेव्हा वाचलं नव्हतं."

"म्हणजे?"

"दुसऱ्या पानापुढे गेले नव्हते. दोन दिवसांत गठ्ठा संपवायचा होता. शीर्षक पाहिलं, दोन पानं पाहिली, आणि शेरा मारला."

मला वाटलं होतं की ती रागावेल, रडेल. तिचा चेहरा नुसता रिकामा झाला.

"मी समजत होती," ती म्हणाली, "तुम्ही पूर्ण वाचलं, आन् तुम्हाले काहीतरी दिसलं. मले न दिसलेलं. तीन वर्षं मी तेच पाहून राह्यली होती. तुम्ही काही पाह्यलंच नव्हतं."

"माझ्या शेऱ्यामुळं तुम्ही पुढचं शिक्षण सोडलंत?"

"तसं नाई. घरी अडचणी होत्या. पण तुमच्या शेऱ्यानं सोडणं सोपं झालं."

सोनीबाईनं काड्यांची मोळी बाजूला ठेवली आणि माझ्या हातातल्या कागदांकडे पाहत विचारलं, "परीक्षा हाय का बाई?"

"हो," मी म्हटलं. "माझी."

तिनं मान हलवली आणि आत जाऊन काळा चहा टाकला.

माझ्यापाशी क्षमा मागण्याजोगे शब्द होते, पण मी क्षमा मागावी असं त्या मुलीनं म्हटलंच नव्हतं. तिनं चूक दाखवायला सांगितलं होतं. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी पेन हातात धरून. सातव्या पानावर चूक सापडली.

"इथे पाहा," मी म्हटलं. "तुम्ही दीर्घिकेचा सगळा उजेड ताऱ्यांचा धरला आणि त्यावरून वजन काढलं. पण मधोमध मोठं कृष्णविवर असेल तर त्यात पडणारा वायूही तापून झळकतो. तो उजेड ताऱ्यांचा नाही. तो वगळला तर वजन उतरतं. त्या पहिल्या आकड्यांपैकी काही नंतर याच कारणानं कमी झाले. तेव्हा हे फारसं कुणाला स्पष्ट नव्हतं, पण शक्यता म्हणून लिहायला हवं होतं."

ती खाटेवर माझ्या शेजारी येऊन बसली. ते पान तिनं हातात घेतलं, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

"म्हणजे ओल धरून वजन केलं मी," ती म्हणाली. "कोळसा वाळवलाच नाई."

"तसंच."

"आन् ओल वजा करून? उरते का काही?"

"उरतं. सगळा फरक त्यानं मिटत नाही. जे उरतं तेही अजून नीट समजलेलं नाही."

"मंग ही एकच चूक हाय?"

"मला तरी एकच दिसली. भाषा कुठे कुठे सुधारायला हवी."

दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. आनंदच होता तो, पण माझ्यासाठी नव्हता. तिनं माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि समासात स्वतःच लिहिलं, 'कृष्णविवराचा उजेड वजा करणे.' मग चहा आला. गुळाचा, कोरा, मातीच्या चुलीचा वास असलेला. चाक परत येईपर्यंत ऊन कललं. खांब पाहायचे राहिले ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. सहा कोनांचे, एकाला एक खेटून उभे, जणू कुणी तासून लावलेले. इतर वेळी मी तिथून हलले नसते. त्या दिवशी मला धड पाहताही आलं नाही.

मुकुटबन, रविवार

वाचनालयाच्या सभागृहात, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या खोलीत, दुपारी साठ-सत्तर माणसं जमली. शेतकरी, शिक्षक, बचत गटातल्या बाया, वणीहून आलेले चार-सहा विद्यार्थी. गुरुजींनी माझी ओळख करून दिली. माझी विद्वत्ता ते इतकी वाढवून सांगत होते की मला खाली पाहत राहावं लागलं.

मी उठले आणि म्हटलं, "आज पहिलं व्याख्यान माझं नाही. तुमच्याच गावातल्या एका मुलीनं तीन वर्षांपूर्वी याच विषयावर निबंध लिहिला होता. स्पर्धेच्या परीक्षकानं तो पूर्ण न वाचता नापास केला. ती परीक्षक मी."

खोलीत कुजबूज उठली आणि थांबली. गुरुजी हातातली फुलं धरून तसेच उभे राहिले. मी प्रणालीला पुढे बोलावलं. ती येईल की नाही, मला खात्री नव्हती. ती आली. तिनं निबंध वाचला, सातव्या पानावर थांबली, आणि तिथली चूक स्वतःच सगळ्यांना समजावून सांगितली. कोळशाच्या ओलीचंच उदाहरण दिलं. वणीची मंडळी लगेच माना हलवू लागली.

एका बाईनं विचारलं, "एवढ्या लवकर एवढं मोठं झालं, तं मंग पुस्तकातलं सारं खोटं का?"

उत्तर प्रणालीनंच दिलं. "नाई मावशी. लहानातून मोठं होते हे खरंच हाय. पण सगळीकडं एकाच चालीनं होत नाई. काही जागी लय जोरात झालं. ते काहून, ते शोधून राह्यले लोक."

टाळ्या वाजल्यावर मी बोलायला उभी राहणार, तोच गुरुजी पुढे आले. त्यांच्या हातात अजून फुलं होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"प्रणाली," ते म्हणाले, "तो शेरा घेऊन तू मायाकडं आली होती. आठवते?"

"आठवते, गुरुजी."

"तवा मी काय म्हटलं? मोठ्या लोकायनं लिहिलं हाय तं चूक असनच. असं म्हटलं मी. तुया निबंध मीबी वाचला नाई. नुसता शेरा वाचला. चाळीस वर्षं पोरायले वाचायले शिकवलं, आन् तुया वेळी मीच वाचलं नाई."

सत्तरीचा तो माणूस आपल्या विद्यार्थिनीसमोर मान खाली घालून उभा होता. प्रणालीनं त्यांच्या हातातली फुलं काढून टेबलावर ठेवली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. "पाणी आणा कोणी," ती म्हणाली. बस, एवढंच.

माझं व्याख्यान त्यानंतर पंधरा मिनिटांत संपलं. काय बोलले ते आठवत नाही.

निघताना

सोमवारी प्रणालीनंच मला वणीच्या बसस्टँडवर सोडलं. बसला वेळ होता. मी तिला म्हटलं की एम. एस्सी.च्या प्रवेशासाठी मी हवं ते करीन, शिफारसपत्र देईन, पुस्तकं पाठवीन.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "पुस्तकं पाठवा," ती म्हणाली. "अर्ज भरायचा का नाई, ते मी ठरवीन. तुम्हाले बरं वाटावं म्हणून नाई भरणार."

बसमध्ये बसल्यावर मी खिडकीतून पाहिलं. ती वळून पाहत नव्हती, तिला कामावर जायचं होतं.

सांगलीला परतल्यावर मी पुस्तकांचं पार्सल पाठवलं. स्पर्धा घेणाऱ्या मंडळालाही पत्र लिहिलं, माझी चूक नोंदवून. त्याचं उत्तर आलेलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र प्रणालीचा निरोप आला. सातवं पान तिनं नव्यानं लिहून पाठवलं होतं आणि त्याखाली एक प्रश्न होता. सुरुवातीच्या काळात इतक्या झपाट्यानं तारे बनवणाऱ्या काही मोठ्या दीर्घिका पुढे लवकरच तारे बनवायचं बंद करतात असं दिसतं, तर त्यांना थांबवलं कशानं?

मी चार दिवस त्यावर वाचत होते. कृष्णविवराचा जोर, वायू तापणं, वायू संपणं, कितीतरी कारणं सुचवलेली आहेत. पण इतक्या लवकर ते कसं घडावं, याचं समाधान करणारं उत्तर मला कुठेच मिळालं नाही. शेवटी तिला तसंच लिहिलं : मला माहीत नाही, आणि माझ्या वाचनात तरी अजून कुणाला पक्कं माहीत नाही.

तासाभरात तिचं उत्तर आलं.

"मंग ठीक हाय. मले वाटलं पुस्तकात असन, आन् मलेच दिसून नाई राह्यलं."